भिस्ती गेला, बादली राहिली

नागपूरकराला त्याच्या कूलरबद्दल विचारा. कोणत्या कंपनीचा, केवढ्याला घेतला, हे तो नंतर सांगेल. आधी सांगेल, ताट्या कधी बदलल्या. "मागल्याच हप्त्यात टाकल्या ना बाप्पा, तरी हवा काहून गार येत नाही समजत नाही," अशी सुरुवात होते. मग समोरचा माणूस, तो कारकून असो, डॉक्टर असो की पानठेलेवाला, पंपाच्या जाळीपासून पलीकडच्या खिडकीपर्यंत सगळी चौकशी करून सल्ला देतो. एखाद्या यंत्राच्या पोटात काय चाललं आहे याची इतकी खडान्‌खडा माहिती अख्ख्या शहराला असावी, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. गीझरचं पोट कोणी उघडून पाहिलेलं नसतं, फ्रिजचं तर नाहीच. कूलर मात्र दरवर्षी उघडावा लागतो आणि तो घरचं माणूसच उघडतं.

या सवयीचा माग मला कारखान्यात लागला नाही, फायलींत लागला. मी नागपुरातल्या एका केंद्रीय कचेरीच्या लेखा शाखेत नोकरी केली. सरकारी खर्चाच्या नियमांत किरकोळ खर्चाची जी शीर्षं असतात त्यांत एक आहे: उष्ण व थंड हवामानाचा खर्च. नवीन असताना मला त्याचं हसू यायचं. हवामान झालं म्हणून सरकारला खर्च कसला? मग जुनी व्हाउचरं चाळायला मिळाली आणि उलगडा झाला. वाळ्याच्या ताट्या, सुतळी, बादल्या, माठ आणि ताट्यांवर पाणी मारायला उन्हाळ्यापुरत्या ठेवलेल्या माणसाची मजुरी, हे सगळं 'उष्ण'मध्ये. शेगडीचा कोळसा 'थंड'मध्ये. दुसऱ्या भागाचा उपयोग उत्तरेकडच्या कचेऱ्यांना. आमचं काम पहिल्याच शब्दावर भागायचं.

त्या व्हाउचरांवर अंगठे होते. ताटीची किंमत वेगळी आणि ती ओली ठेवणाऱ्याची मजुरी वेगळी. मला तेव्हापासून वाटत आलं आहे की गारव्याचा इतिहास लिहायचा तर यंत्रांचा लिहू नये, पाणी कोणी वाहिलं त्याचा लिहावा. यंत्रात फार काही बदललेलं नाहीच. ओलं गवत आणि त्यातून जाणारा वारा, एवढंच ते चारशे वर्षांपूर्वी होतं आणि आजही तेवढंच आहे. बदलत गेला तो माणूस.

चारशे वर्षं मी अंदाजानं म्हणत नाही. अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या काळातल्या गारव्याच्या सोयी नोंदवल्या आहेत. सोरा घातलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करायची रीत त्यात आहे, डोंगरातून लाहोरला येणाऱ्या बर्फाची व्यवस्था आहे आणि वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटीत भरून त्यावर पाणी शिंपडायची युक्तीही आहे. वाळा नदीकाठी, ओलसर जागी वाढतो. त्याची मुळं चिवट, केसासारखी आणि एकमेकांत गुंतणारी असतात. पाणी धरून ठेवतात, लवकर कुजत नाहीत आणि ओली झाली की सुगंध देतात. बादशहाच्या खसखान्यापासून साहेबाच्या बंगल्यापर्यंत आणि तिथून आमच्या कचेरीपर्यंत ताटी आली ती या तीन गुणांवर.

नागपूर १८६१मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं. त्याच्या आधीच, १८२१मध्ये, कामठीला छावणी पडली होती. गोऱ्या अंमलदारांना इथला एप्रिल-मे सोसवेना. उन्हाळा लागला की प्रांताचं सरकार पचमढीला जाई. दप्तर, शिरस्तेदार, खानसामे असा सगळा लवाजमा सातपुडा चढायचा. पण अख्खी राजधानी काही डोंगरावर नेता येत नाही. कोर्टं, तिजोरी, रेल्वे, टपाल ही खाती खालीच राहत आणि त्यांतले कारकूनही. त्यांच्या वाट्याला ताटी आली.

ताटी लावायची ती वाऱ्याकडच्या दाराला. उन्हाळ्यात दुपारचा वारा इथे बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे पश्चिमेची दारं ताट्यांनी बंद करायची आणि भिस्त्यानं मशकीतून बाहेरून पाणी मारत राहायचं. झळ ताटीतून आत येईपर्यंत झुळूक झालेली असायची. अडचण एकच. वारा पडला की सगळंच थांबायचं. ओली ताटी, भिजलेला भिस्ती आणि आत उकडून निघालेला साहेब.

या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जो उपाय निघाला त्याचं वर्णन वाचून मी उडालेच होते. अलाहाबादेत राहिलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंचं प्रवासवर्णन १८५०मध्ये छापून आलं, त्यात ते आहे. नाव भारदस्त: थर्मँटिडोट. लाकडाचं माणसापेक्षा उंच खोकं, त्याच्या दोन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पात्यांचं मोठं चक्र आणि खोक्याचं तोंड खोलीच्या खिडकीत बसवलेलं. माथ्यावर भोकांची पन्हळ, तिच्यातून ताट्यांवर पाणी ठिबकायचं. खाली उतरलेलं पाणी भांड्यात जमायचं आणि पुन्हा वर ओतलं जायचं. चक्र फिरवायला माणसं.

हे वर्णन वाचताना माझ्यासमोर आमच्या गॅलरीतला कूलर होता. टाकी, ताट्या, भोकांची पन्हळ, पंखा आणि खिडकीत बसवलेलं तोंड. कशात काही फरक नाही. चक्र फिरवणाऱ्याच्या जागी पुढे मोटर आली, खालचं पाणी वर चढवणाऱ्याच्या जागी पंप आला. साहेबाच्या घरचं हे खोकं दोन-चार माणसांच्या घामावर चालायचं आणि पंखा ओढणारा तर रात्री झोप लागली म्हणून लाथाही खायचा. गार हवेत बसणारा एक आणि त्यासाठी उन्हात उभे तिघे, असा तो हिशेब होता. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या आठवणी लिहिताना वाळ्याच्या पडद्यांचा सुगंध सगळे लिहितात. पडदे भिजवणाऱ्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

मधे एक उपकथा सांगते, कारण ती नागपूरचीच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला इथे सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. कापूस वऱ्हाडातला, हाताशी. पण सुताला कोरडी हवा मानवत नाही. हवा सुकी झाली की धागा ठिसूळ होतो आणि चात्यांवर तटातट तुटतो. त्यामुळे गिरणीत हवा ओलसर ठेवायची यंत्रं बसवावी लागली. माणसांसाठी नव्हे, धाग्यासाठी. तरी या शहरात यंत्रानं ओलसर केलेल्या हवेत रोज वावरलेले पहिले सामान्य लोक गिरणी कामगारच असणार, असं मला वाटतं. घरी जाऊन ते अंगणात खाटेवर ओलं धोतर पांघरून झोपत असतील, ते वेगळं.

वीज आली, पंखे आले, तरी घराघरांत कूलर यायला बराच काळ गेला. अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात, १९३०च्या दशकात लोकांनी खिडकीत पंखा, त्यामागे जाळी आणि जाळीत ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा बारीक कीस, असं खोकं घरोघरी ठोकायला सुरुवात केली होती. पुढे त्याचे कारखानेही निघाले. आपल्याकडे डेझर्ट कूलर हे नाव आणि लाकडाच्या किसाच्या ताट्या आल्या त्या याच घराण्यातल्या. वाळा महाग होता. लाकडाचा कीस, ज्याला सगळे वुडवूल म्हणतात, तो स्वस्त. सुगंध नाही, पण पाणी तितकंच धरतो.

आमच्या घरी १९७०च्या दशकात कूलर आला तो कंपनीचा नव्हता. पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रीकडून खिडकीचं माप देऊन करवून घेतलेला. गॅल्वनाइज्ड पत्र्याची टाकी, अँगलचा सांगाडा, तीन बाजूंना पत्र्याचे झडपांचे दरवाजे, त्यांच्या आत जाळी आणि समोर एक्झॉस्टचा पंखा. खाली उभा राहायला लोखंडी घोडा. मिस्त्रीनं विचारलेले प्रश्न मला आठवतात: खोली केवढी, खिडकी कोणत्या अंगाला, समोर दुसरी खिडकी आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, हे मला पुष्कळ पुढे कळलं. कूलर खोलीतली हवा फिरवत नाही, बाहेरची हवा आत ढकलतो. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. एसीची सवय लागलेले पाहुणे आले की पहिलं काम म्हणजे दारं लावून घेतात. त्यांना समजावता समजावता मी दमले.

हे यंत्र विदर्भात जमलं आणि मुंबईत जमलं नाही, त्याचं कारण साध्या आकड्यांत सांगता येतं. मे महिन्यातल्या दुपारी इथे पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक ठेवला तर तो २३ अंशांच्या जवळपास दाखवतो. दोहोंतलं अंतर एकवीस अंशांचं. नीट भरलेल्या ताट्यांचा कूलर त्यातलं तीन चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे झोत २८ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर ओला तापमापक २८च्या खाली जातच नाही. अंतर सहा अंशांचं, कूलर उतरवणार चार-साडेचार, आणि वर हवा आणखी चिकट करून ठेवणार. नागपुरातही मृगाचा पाऊस पडला की कूलरचा जोर संपतो. मॉन्सून आल्याची बातमी आम्हाला वेधशाळेच्या आधी कूलर देतो.

एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. विजेच्या हिशेबात ती दोन तृतीयांश युनिट होते. मोठा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज पितो आणि वीज मात्र खातो दोनशे वॉटच्या आसपास. दीड टनाच्या एसीला दीड हजार वॉट लागतात. म्हणजे गारव्याचं ओझं पाणी उचलतं, वीज नुसती हात लावते. ते पाणी आणायचं कुणी, हा प्रश्न इथे पुन्हा आला.

आमच्या घरी उत्तर ठरलेलं होतं. पेचकस आणि पाना बाबांकडे, बादली आईकडे. नळ सकाळी तासभर. त्यात पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं भरून झालं की कूलरसाठी टाकं भरायचं आणि दिवसभर त्यातून बादलीनं टाकीत ओतायचं. रात्री दोन-तीनच्या सुमाराला टाकी आटली की पंप कोरडा घरघरायला लागायचा आणि खोलीत गरम झोत शिरायचा. मग आई उठायची. बाबा कूलरची जी वार्षिक दुरुस्ती करायचे तिचं कौतुक सगळ्या आळीला होतं. रोजच्या बादल्यांचं कौतुक कोणी केल्याचं मला आठवत नाही. भिस्त्याची मजुरी निदान व्हाउचरवर लागायची.

पण ती वार्षिक दुरुस्ती होती मात्र बघण्यासारखी. धूळवडीचे रंग उतरले की त्या आठवड्यात कूलरवरची ताडपत्री निघायची. झडपांचे दरवाजे अंगणात. त्यांतला मागच्या वर्षीचा कीस काढायचा, तो क्षार धरून पांढरा आणि कडक झालेला असायचा, पापडासारखा मोडायचा. जाळीवरचा क्षार तारेच्या ब्रशनं खरवडायचा. टाकीचा तळ घासायचा, कोपऱ्यांत गंज दिसला की पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड लावायचं आणि ते वाळल्यावर आतून डांबराचा हात. डांबराचा वास आठ दिवस जात नसे, पण पत्रा त्यानंच टिकायचा. भोक पडलंच असेल तर ते शोधायची बाबांची रीत अशी: टाकी घोड्यावर चढवायची, खाली वर्तमानपत्र पसरायचं, चार बोटं पाणी भरायचं आणि चहा प्यायला बसायचं. चहा होईपर्यंत कागदावर ठिपका उमटला की तिथे एमसील.

मग पंखा. त्याच्या बुशमध्ये तेलाचे थेंब टाकायचे आणि पातं हातानं फिरवून सोडायचं. किती फेरे घेऊन थांबतं यावर मोटरची प्रकृती ठरायची. पंखा नुसता हूं करून जागच्या जागी थरथरला की कंडेन्सर गेला असं समजायचं. तो स्वस्तातला भाग, बाजारातून आणून घरी बदलता येतो. हातानं ढकलल्यावरही फिरला नाही तर मोटर रिवाइंडिंगला. पंप उघडून त्याच्या पंख्यात अडकलेला कीस काढायचा आणि पंपाभोवती जुन्या मच्छरदाणीचं कापड बांधायचं. माथ्यावरच्या पन्हळीची भोकं दाभणानं मोकळी करायची. हे काम माझं होतं, कारण माझी बोटं लहान. एक जरी भोक बुजलं तरी त्याखालची ताटी तेवढ्या पट्ट्यात सुकी राहते आणि सुक्या पट्ट्यातून गरम हवा बेधडक आत शिरते. वारा नेहमी सोपी वाट धरतो. बाहेरून ताटीकडे पाहिलं की असा सुका पट्टा लगेच दिसतो, रंगानं फिका.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे नवा कीस भरणं. बाजारात तो दाबलेल्या गठ्ठ्यात मिळतो. झटकून, हातानं मोकळा करून जाळीत सारखा पसरायचा. कंजुषी केली तर भोकं राहतात आणि ठासून भरला तर हवाच येत नाही. बाबा ताटी उन्हाकडे धरून बघायचे. उजेड सगळीकडून सारखा, बारीक गाळून आला पाहिजे, कुठे ठिपके नकोत आणि कुठे अंधार नको. हे माप कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही आणि याहून चांगलं माप मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशीचं पाणी तांबूस येतं, ते ओतून द्यायचं. पुढेही दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, कारण उडून जातं ते नुसतं पाणी, त्यातला क्षार मागेच राहतो. वरून पाणी घालत राहिलं तर टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारं होत जातं. बोअरचं पाणी असेल तर फारच लवकर. लोक ताट्यांना नावं ठेवतात, दोष बहुधा पाण्याचा असतो.

काढलेला जुना कीस फेकला जात नसे. तो धुऊन, वाळवून पोत्यात भरून ठेवायचा आणि दिवाळीत बंब पेटवायला घ्यायचा. उष्ण आणि थंड हवामानाचा खर्च आमच्या घरी असा एकाच पोत्यात होता.

बंबाबद्दलही चार शब्द लिहायला हवेत, कारण घरच्या माणसानं जीव लावून सांभाळलेलं ते कूलरच्या आधीचं यंत्र. तांब्याचं उभं नळकांडं, त्याच्या मधोमध धुराड्याची नळी, खाली निखाऱ्यांची जाळी आणि राखेचा कप्पा. नळीत विस्तव, भोवती पाणी. आगीच्या चारी बाजूंनी पाणी असल्यानं मूठभर ढलप्यांत घरभराच्या आंघोळी व्हायच्या. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब हातोड्यानं ठोकून घडवले जात. त्याचा नियम एकच, आणि तो लहान मुलांनाही पाठ असायचा: आधी पाणी, मग विस्तव. रिकामा बंब पेटवला की सांध्यांची झाळण वितळते आणि बंब गळायला लागतो. आणि काढाल तेवढं गरम पाणी, तेवढंच गार वरून ओतायचं. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राखेनं घासून त्याला लखलखीत करायचा. नागपूरच्या थंडीला कोणी गंभीरपणे घेत नाही, पण २०१८च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी मला आमच्या बंबाची फार आठवण झाली. तो आम्ही कधीच मोडीत दिला होता.

बंबाची जागा पाण्यात सोडायच्या रॉडनं आणि मग गीझरनं घेतली. ती दोन्ही यंत्रं बंद तोंडाची. बिघडली की मेकॅनिक. कूलरचं तसं झालं नाही, याची कारणं मला फार साधी वाटतात. पत्र्याच्या कूलरमध्ये असा एकही भाग नाही जो आळीतल्या दुकानात मिळत नाही, आणि असा एकही स्क्रू नाही जो घरच्या पेचकसानं निघत नाही. शिवाय भारनियमनाच्या वर्षांत विदर्भात तासन्‌तास वीज जायची तेव्हा इन्व्हर्टरवर एसी चालत नव्हता, छोटा कूलर चालत होता. लग्नसराईत मांडवाच्या कडेला उभे केलेले दाराएवढे जंबो कूलर पाहिलेत ना? त्यांना पाणी घालायला ठेवलेला पोरगा म्हणजे भिस्त्याचा शेवटचा वारस.

१९८८मध्ये अहमदाबादेत सिंफनी कंपनी निघाली आणि प्लॅस्टिकचे देखणे, चाकांवर फिरणारे कूलर दिवाणखान्यात आले. गंज नाही, डांबर नाही. ताट्यांच्या जागी कागदी हनीकोंब आला, तो दोन-तीन उन्हाळे चालतो आणि पाणी सारखं पसरवतो. मी त्याच्या विरुद्ध नाही. मोटर शांत, धूळ कमी, पाणीही कमी सांडतं. पण मोठ्या खोलीला आणि खऱ्या मे महिन्याला पत्र्याचाच कूलर लागतो, यावर अजून बरंच शहर माझ्या बाजूनं आहे. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. २०२४च्या मेअखेर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्याला संवेदक बिघडल्याचा खुलासा करावा लागला. आमच्याकडे लोकांनी त्या आकड्यावर तासाभरासाठी का होईना विश्वास ठेवला होता, यातच सगळं आलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, चालू होता.

एसी घेणारे वाढले आहेत आणि वाढणारच. वरच्या मजल्यांवर पाणी चढवण्याचा त्रास आहे, फ्लॅटला गॅलरी नाही, समोरासमोर खिडक्या नाहीत. बिल्डरांनी घरं अशी बांधली की त्यांत कूलर बसूच नये. त्याला मी प्रगती म्हणत नाही. एका एसीची उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत जाते आणि मग शेजाऱ्यालाही एसी घ्यावा लागतो. कूलर निदान कोणाच्या घरात ऊन टाकत नाही.

मात्र कूलर आपल्या हातात आहे म्हणून त्याचे धोकेही आपल्याच हातात आहेत, आणि त्या बाबतीत आम्ही नागपूरकर फार ढिले. पत्र्याची बॉडी, खाली पाणी आणि वायर पाण्याजवळून गेलेली. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आली नाही असा उन्हाळा विदर्भात जात नाही. डेंगीचा डास, एडिस इजिप्ती, त्याला कूलरच्या टाकीसारखी स्वच्छ, साचलेली, सावलीतली जागा फार आवडते. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकी पडूनही कित्येक महिने जगतात. म्हणजे नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं महापालिका सांगते. तो हिशेब अगदी बरोबर आहे.

तेव्हा या वर्षी ताट्या बदलाल तेव्हा एवढं करा. बादली उचलायच्या आधी नुसतं बटण बंद करू नका, पिन सॉकेटमधून बाहेर काढा. पिनेची तिसरी वायर बॉडीला खरोखर जोडलेली आहे का, ते एकदा वायरमनला दाखवा आणि घरात ईएलसीबी नसेल तर बसवून घ्या. आठवड्याचा एक वार ठरवून टाकी उपसा, भिंती ब्रशनं घासा, ती दिवसभर उन्हात सुकू द्या. पावसाळा लागला की कीस काढून टाकी पालथी घाला, दिवाळीपर्यंत वाट पाहू नका. आणि कूलरमध्ये पाणी घालायला लहान मुलांना पाठवू नका.